‘आपल्यातले’ म्हणजे कोण? समाजाच्या नावाने चालणाऱ्या सहकारी संस्थांना खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ आणि सभासद,
ज्ञाती, धर्म, प्रांत किंवा भाषा यांच्या नावाने नोंदलेल्या सर्व सहकारी पतसंस्था, नागरी बँका व गृहनिर्माण संस्था, महाराष्ट्र.

विषय : सभासदत्वाच्या अटी आणि नाममात्र सभासदांचा प्रश्न.

सप्रेम नमस्कार.

माझ्या वडिलांनी ज्या पतपेढीतून कर्ज काढून आत्याचे लग्न केले आणि पुढे माझ्या शिक्षणाचा खर्च भागवला, त्या पतपेढीच्या नावात आमच्या समाजाचे नाव आहे. वडिलांच्या पश्चात त्यांचे भाग माझ्या नावावर झाले आणि गेली एकवीस वर्षे मी तिच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला न चुकता हजर राहतो. हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, पुढील मजकूर वाचून ‘याला समाजाविषयी आस्था नाही’ असा ग्रह कोणी करून घेऊ नये. उलट, या संस्थेने आमच्या घराला हात दिला नसता तर हे पत्र लिहिण्याइतके अक्षरज्ञानही मला कदाचित लाभले नसते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने याच पतपेढीत नियमित सभासदत्वासाठी अर्ज केला. त्याचे खाते आमच्याकडे बारा वर्षे जुने, ठेव बरी, आणि आमच्यापैकी दोघांच्या कर्जाला तो अन्य संस्थेत जामीनदार राहिलेला. कार्यालयात त्याला सौजन्याने बसवून सांगण्यात आले की, पोटनियमांत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नोंदलेल्या नियमांत, तो आपल्या समाजाचा नसल्यामुळे बसत नाही, परंतु ‘नाममात्र सभासद’ करून घेता येईल, म्हणजे कर्ज मिळेल, पण मत आणि लाभांश नाही. त्याने प्रवेशशुल्क भरले, कर्ज घेतले आणि एकही हप्ता न चुकवता ते फेडले. त्या वर्षीच्या सभेची नोटीस मात्र त्याला आली नाही, कारण नाममात्र सभासदाला ती येत नसते. त्याच सभेत आम्ही नियमित सभासदांनी जो लाभांश मंजूर केला, त्यात त्याने भरलेल्या व्याजाचाही वाटा होता. त्या लाभांशाची रक्कम फार मोठी नव्हती. पण ती खात्यावर जमा झाल्याचा संदेश आला तेव्हा मला संकोच वाटला, आणि तो अजून गेलेला नाही.

या संकोचाचे मूळ शोधताना इतिहासाकडे वळावे लागते. समाजाच्या चौकटीत सहकार उभा राहिला तो केवळ संकुचित वृत्तीमुळे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापन झाली, ती तेथील मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांची. गुजराती मुलखात, गायकवाडी नोकऱ्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या या कुटुंबांना एकमेकांची पत ठाऊक होती, आणि तेवढेच तारण त्यांच्यापाशी होते. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ मध्ये आला. १९१२ च्या सुधारित कायद्यात तर, जी संस्था सभासदांना कर्ज देण्यासाठी निधी उभारणार असेल तिचे सभासद एकाच गावचे किंवा गावांच्या एकाच समूहातले असावेत, अथवा निबंधकाने (सहकारी संस्था नोंदणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने) वेगळी सूट दिली नसेल तर एकाच जमातीचे, वर्गाचे, जातीचे किंवा व्यवसायाचे असावेत, अशी अटच घातलेली होती. आपल्या पोटनियमांत जातीचा उल्लेख कोठून आला, असा प्रश्न आज एखादा तरुण सभासद विचारतो, तेव्हा ‘आपली परंपरा’ असे उत्तर दिले जाते. ते उत्तर निम्मेच खरे आहे. उरलेला निम्मा भाग इंग्रज सरकारच्या कायद्याचा आहे.

त्या कायद्यामागचा हिशेब मात्र समजण्यासारखा होता. जर्मनीतील रायफायझेनच्या ग्रामीण पतसंस्थांचा नमुना सरकारपुढे होता आणि त्या नमुन्याचा पायाच असा होता की, कर्ज घेणारा कसा वागतो हे कर्ज देणाऱ्यांना रोजच्या पाहण्यातून ठाऊक असावे. खेड्यात हे काम गावाची शीव करत असे. मुंबईसारख्या शहरात शेजारचा माणूस कोण हेच माहीत नसे. मग शीव कोठे आखायची? ज्ञाती ही त्या काळच्या मुंबईकराने गावाहून सोबत आणलेली शीव होती. गिरणगावातल्या एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस कोकणी कामगार पाळीपाळीने झोपत, धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या एकेका गावाची ‘कूड’ म्हणजे सामायिक बिऱ्हाड असे, आणि दर महिन्याची भिशीही ओळखीतल्या माणसांचीच लागे. १९०६ मध्ये श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी चित्रापूर सारस्वत समाजातील गरजूंसाठी शामराव विठ्ठल यांच्या नावाने जी पतपेढी काढली, ती याच जातकुळीतली. (येथे ‘जातकुळी’ हा शब्द सहज लेखणीत आला, आणि तो खोडावा असे वाटत नाही.) १९१५ मध्ये त्यांच्याच प्रयत्नाने गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. १९१८ मध्ये सारस्वत बँकेची सुरुवात झाली. पुढे पारशी मंडळींची झोरोॲस्ट्रियन बँक १९२७ मध्ये आणि मुस्लिम व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने बॉम्बे मर्कंटाइल सहकारी बँक १९३९ मध्ये उभी राहिली.

या सर्व ठिकाणी ओळखीने जे काम केले ते सोन्याच्या तारणानेही झाले नसते. कर्ज बुडवले तर जप्ती येण्याआधी लग्नकार्यात चार लोकांना तोंड दाखवणे अवघड होई. वसुलीचा खर्च जवळजवळ शून्य, अर्जदाराची चौकशी करायला एक संध्याकाळ पुरे, आणि खोटा जामीनदार उभा करणे अशक्य. हे सगळे मान्य करताना एक गोष्ट मात्र आपल्या स्मरणिकांत कधी येत नाही: हीच चार माणसांची लाज गरीब विधवेच्या वाट्याला आली की तिचे ओझे वेगळे असते, आणि ज्यांच्या समाजापाशी ना ठेवी होत्या ना सरकारी नोकऱ्या, त्यांना ‘आपापल्या समाजाची पतपेढी काढा’ असे सांगणे म्हणजे कोरड्या विहिरीवर पोहरा देण्यासारखे होते. सुस्थितीतल्या ज्ञातींनी आपापसांत भांडवल फिरवले आणि ज्यांना इतरांच्या संस्थेत शिरकाव नव्हता, ते सावकाराच्याच वहीत राहिले. म्हणून, वंचित समाजांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढणे आणि सुस्थितीतल्या समाजाने आपली संस्था इतरांना बंद ठेवणे, या दोन गोष्टी पोटनियमांच्या भाषेत सारख्या दिसल्या तरी मी त्यांना एका तागडीत घालणार नाही.

ओळख आणि सहकार यांचे हे नाते फक्त आपल्याकडचे नाही. प्रशियाच्या अमलाखालील पोझनान प्रांतात १८८६ पासून सरकारी आयोग पोलिश जमीनदारांच्या जमिनी विकत घेऊन तेथे जर्मन शेतकरी वसवू लागला, तेव्हा पोलिश लोकांनी पाद्री पिओत्र वाव्झिनियाक यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली आपल्या लोकबँका बळकट केल्या. त्याच प्रांतात जर्मनांच्या सहकारी संस्थाही होत्या आणि दोन्हींचे सभासद भाषेनुसार वेगळे होते. कॅनडात क्यूबेक प्रांतातील लेव्ही या गावी आल्फोन्स देजार्दँ यांनी ६ डिसेंबर १९०० रोजी ‘लोकपेढी’ स्थापन केली. फ्रेंच बोलणाऱ्या कॅथलिक शेतकऱ्याला आणि मजुराला इंग्रजी बोलणाऱ्या भांडवलदारांच्या बँका दारात उभ्या करत नव्हत्या. देजार्दँ यांच्या पेढीची शीव होती चर्चचा परगणा. जानेवारी १९०१ मध्ये पहिल्या दिवशी जमा झालेली एकूण रक्कम २६ डॉलर ४० सेंट इतकी होती, आणि पेढीचा कारभार बराच काळ त्यांच्या घरातून चाले. नवरा नोकरीनिमित्त ओटावाला असताना त्यांच्या पत्नी दोरिमेन तो पाहत. आज हा उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठा सहकारी वित्तसमूह आहे. फ्रेंच क्यूबेकची संस्था ही त्याची ओळख पुसलेली नाही, पण खाते उघडणाऱ्याचा परगणा किंवा पंथ आता कोणी विचारत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण मात्र स्पेनमधील बास्क प्रांताचे आहे आणि त्यावर मी थोडे रेंगाळणार आहे, कारण आमच्या ‘नाममात्र’ सहकाऱ्याचा प्रश्न तेथे फार मोठ्या आकारात दिसतो. यादवी युद्धानंतर फ्रँकोच्या राजवटीत बास्क भाषेची गळचेपी झाली होती. मोंद्रागोन या गावात १९४१ साली होसे मारिया अरिस्मेंदियारिएता नावाचे तरुण पाद्री आले. त्यांनी प्रथम तंत्रशाळा काढली आणि त्या शाळेतून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९५६ मध्ये ‘उल्गोर’ हा कारखाना सुरू केला. १९५९ मध्ये त्यांची स्वतःची पतपेढी आली. आज या समूहात सुमारे ऐंशी सहकारी संस्था आणि सत्तर हजारांच्या आसपास कामगार आहेत. कामगार हाच मालक, एका सभासदाला एक मत, आणि वरच्या व खालच्या पगारातील अंतरावर मर्यादा, अशी तेथील रीत. तोट्यात गेलेल्या कारखान्याच्या सभासदांना समूहातील दुसऱ्या कारखान्यात सामावून घेतले जाते. दरीखोऱ्यातल्या गावांची एकमेकांशी असलेली बांधिलकी या रीतीच्या मुळाशी आहे, हे कोणी नाकारत नाही.

पुढे बाजारपेठेच्या रेट्याने या समूहाने परदेशांत कारखाने काढले किंवा विकत घेतले. पोलंडमधील व्रोत्सवाफचा, फ्रान्समधला, असे अनेक. त्या कारखान्यांतील कामगार बहुतांशी मालक झाले नाहीत. ते पगारी नोकर राहिले. २०१३ मध्ये घरगुती उपकरणे बनवणारी ‘फागोर’ (म्हणजे मूळची ‘उल्गोर’) ही समूहातील सर्वांत जुनी संस्था दिवाळखोरीत गेली, तेव्हा बास्क सभासदांपैकी पुष्कळांना समूहातल्या अन्य संस्थांत काम मिळाले किंवा मुदतपूर्व निवृत्ती मिळाली. व्रोत्सवाफच्या कामगारांसाठी ही तरतूद नव्हती, कारण ते सभासद नव्हते. ज्या लोकांनी सहकाराचा आदर्श म्हणून जगभर भाषणे केली, त्यांनी शीव ओलांडताना भांडवल सोबत नेले आणि मत मात्र गावीच ठेवले. मी हे त्यांना दूषण देण्यासाठी लिहीत नाही. परक्या कायद्यांत, परक्या भाषेत मालकी वाटून देणे किती किचकट असते याची मला कल्पना आहे. परंतु आमच्या पतपेढीच्या बाबतीत परका कायदा नाही आणि परकी भाषाही नाही. माझा सहकारी माझ्याच गाडीने डोंबिवलीला जातो.

आता कायद्याकडे येतो, कारण संचालकांशी हा विषय काढला की पहिले उत्तर ‘सर्वोच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिलेला आहे’ असेच येते. हा निकाल १५ एप्रिल २००५ चा. अहमदाबादेत १९२६ साली नोंदल्या गेलेल्या पारशी गृहनिर्माण संस्थेचे सभासदत्व पोटनियमाने पारशी व्यक्तींपुरते मर्यादित होते. एका सभासदाला आपली मालमत्ता बाहेरच्या विकासकाला विकायची होती आणि वाद तेथून वाढत गेला. गुजरात उच्च न्यायालयाने हे बंधन अवैध ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आणि सांगितले की, नोंदलेला पोटनियम सहकार कायद्याच्या विरुद्ध नसेल, तर आपल्यासारख्या माणसांची संघटना करण्याचे स्वातंत्र्य सभासदांना आहे, आणि राज्यघटनेतील समतेची कलमे खासगी संस्थेवर थेट लागू होत नाहीत. इथपर्यंत आपण सर्वजण वाचतो. त्याच निकालात असेही म्हटले आहे की, निधर्मी भारतात एकाच धर्माच्या लोकांपुरत्या सहकारी संस्था कल्पिणे प्रतिगामी वाटू शकेल. मात्र हे बदलायचे तर ते काम कायदेमंडळाचे आहे. याचा अर्थ, न्यायालयाने आपल्याला दार बंद ठेवण्याची मुभा दिली आहे. ते बंदच ठेवा असा आदेश दिलेला नाही. आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम २३ तर पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाविना सभासदत्व नाकारू नये, असे स्पष्ट सांगते. ‘पात्र’ कोण हे पोटनियम ठरवतात, आणि पोटनियम आपण ठरवतो. म्हणजे चेंडू शेवटी सर्वसाधारण सभेच्याच अंगणात येतो.

पारशी समाजाविषयी येथे एक गोष्ट नमूद करणे मला आवश्यक वाटते. २००१ च्या जनगणनेत देशात ६९,६०१ पारशी होते. २०११ मध्ये ५७,२६४ उरले. एवढ्या वेगाने आटत चाललेल्या समाजाने आपल्या वसाहती राखण्याचा हट्ट धरला, तर त्यामागची भीती मी समजू शकतो. पण लाखोंनी मोजल्या जाणाऱ्या, सत्तेत आणि व्यापारात पाय रोवून बसलेल्या समाजांनी त्याच निकालाची ढाल करावी, हे मला पटत नाही. आमच्या भागातील एका गृहनिर्माण संस्थेच्या कमिटीवर मी चार वर्षे होतो. तेथील पोटनियमांत जातीधर्माचा शब्दही नव्हता. तरीही एका खरेदीदाराच्या हस्तांतरणाचा अर्ज टेबलावर तीन बैठका पडून राहिला आणि तोंडी निरोप गेला की ‘जरा दुसरीकडे बघा’. लेखी नकार द्यावा असा आग्रह मी धरला तेव्हा सर्वजण गप्प झाले. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे कायदा मानतो, याची आठवण करून दिल्यावर अर्ज मंजूर झाला. मात्र तोवर त्या गृहस्थाने घर दुसरीकडे घेतले होते. पुढच्या निवडणुकीत मी कमिटीवर नव्हतो, हे वेगळे सांगायला नको.

दार बंद ठेवण्याचा तोटा बाहेरच्यांनाच होतो, असे समजू नये. ज्या संस्थेत सगळेच ‘आपले’ असतात, तेथे प्रश्न विचारणे उद्धटपणाचे ठरते. सभेत ताळेबंदावर कोणी बोट ठेवले, तर चेअरमनसाहेब त्याच्या वडिलांची आठवण काढतात आणि प्रश्न विरून जातो. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढता येतील असे जाहीर केले, तेव्हा मुंबईतील अनेक गुरुद्वारांच्या आणि शीख कुटुंबांच्या ठेवी तीत अडकल्या होत्या. एकाच बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जे हजारो बनावट खात्यांआड लपवली गेल्याचे तपासात पुढे आले. ही लबाडी कोणत्याही समाजाची नव्हती; ती काही व्यक्तींची होती. परंतु नावातला प्रांत पाहून, ओळखीच्या संचालकाकडे पाहून, पिढ्यान्‌पिढ्यांची पुंजी तेथे ठेवणाऱ्यांनी ताळेबंद मागितला नाही, हेही तितकेच खरे. शंभर वर्षांपूर्वी ओळख कर्जदारावर लक्ष ठेवायला उपयोगी पडली. संचालकांवर लक्ष ठेवायला तिचा अडथळा होतो, असा माझा अनुभव आहे.

‘दार उघडले तर संस्थेचे स्वत्व जाईल’ ही भीती मला अनेक ज्येष्ठ सभासदांनी बोलून दाखवली आहे. वर उल्लेखलेल्या सारस्वत बँकेचे नाव आजही सारस्वतच आहे; तिचे खातेदार आणि सभासद एका ज्ञातीचे राहिले नाहीत, आणि ती देशातील सर्वांत मोठी नागरी सहकारी बँक झाली. शामराव विठ्ठल यांच्या नावाची आद्याक्षरे त्यांच्या बँकेच्या नावात (एसव्हीसी) आजही आहेत. गिरगावात १९५९ मध्ये सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्या लिज्जतची नोंदणी सहकार कायद्याखालची नसली तरी वृत्ती सहकाराचीच आहे. पापड लाटणारी प्रत्येक स्त्री तेथे ‘सभासद बहीण’ असते आणि तिला जात विचारली जात नाही. आपल्याला समाजासाठी शिष्यवृत्त्या द्यायच्या असतील, वधूवर मेळावे भरवायचे असतील, तर त्यासाठी स्वतंत्र न्यास काढता येतो. पतपेढीच्या मतदारयादीवर तो भार कशाला?

म्हणून, या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी आपणा सर्वांना माझी विनंती अशी आहे की, अहवालात एक तक्ता छापावा: नियमित सभासद किती, नाममात्र किती, नाममात्र सभासदांच्या ठेवी किती आणि त्यांनी वर्षभरात भरलेले व्याज किती. हे आकडे आपल्या संगणकात आजही आहेत. ते काढायला शिपायाला चहा आणायला पाठवण्याइतकाही वेळ लागणार नाही. ते सभासदांपुढे आल्यावर, ज्याने सलग तीन वर्षे व्यवहार चोख ठेवला आहे अशा नाममात्र सभासदाला, त्याची ज्ञाती न विचारता, नियमित भाग घेण्याचा हक्क देणारी पोटनियम दुरुस्ती मांडावी. गृहनिर्माण संस्थांनी हस्तांतरणाचा प्रत्येक नकार कारणासह लेखी द्यावा. १९९५ मध्ये मँचेस्टर येथे आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने स्वीकारलेल्या तत्त्वांतील पहिलेच तत्त्व ऐच्छिक आणि खुल्या सभासदत्वाचे आहे, आणि त्यात वंश, धर्म, लिंग, राजकारण व सामाजिक स्थान यांवरून भेद न करण्याचे सांगितले आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या कार्यालयात ही सात तत्त्वे चौकटीत लावलेली असतात. आमच्याकडे ती कॅशियरच्या मागे आहेत.

आमच्या पतपेढीच्या सभेसाठी वरील दुरुस्तीचा ठराव मी गेल्या सोमवारी कार्यालयात दाखल केला आणि पोच घेतली. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा अद्याप रिकामी आहे. ज्या तिघांना विचारले त्यांनी ठराव योग्य असल्याचे सांगितले आणि सही पुढच्या वर्षी करू असे म्हटले.

आपला,
एक नियमित सभासद